वलांडी आणि ओलांडा

आमच्या खारदांड्यात वाइन दुकानात दिसायच्या कितीतरी आधी मी ती बरणीत पाहिली. कोळीवाड्याला लागून चुईम गावठाण आहे. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांमध्ये फेब्रुवारी-मार्चात काळी द्राक्षं स्वस्त झाली की चिनीमातीच्या बरण्या धुऊन उन्हात पालथ्या पडायच्या. त्यातल्या एका घरी माझ्या आईचं मावऱ्याचं गिऱ्हाईक होतं. ती पाटी घेऊन निघाली की मीही मागोमाग जायची. त्या घरची मावशी द्राक्षं एकेक करून पुसायची, हाताने चुरडायची, त्यात साखर, थोडं यीस्ट आणि मूठभर गहू घालून बरणीच्या तोंडाला मलमलचा फडका बांधायची. रोज सकाळी लाकडी डावाने एकदा ढवळायचं, एवढंच काम. बरणीला कान लावला तर आत चुरचुर ऐकू यायची. एकवीस दिवसांनी गाळून बाटल्या माळ्यावर, त्या उघडायच्या नाताळला. द्राक्षं कुठली, असं मी दरवर्षी विचारायची आणि मावशी दरवर्षी सांगायची, "नाशिकची, आणखी कुठली?"

या प्रकरणात त्या नाशिकला जायचं आहे. म्हणजे नाशिक शहरात नाही. गोवर्धन, गंगापूर, दिंडोरी, जानोरी, मोहाडी, निफाड, विंचूर या गावांत. आज देशातली बरीचशी वाइन याच पट्ट्यात तयार होते आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे.

सकाळची तपोवन पकडली की कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं जोडली जातात. पुढे थळ घाटाचा चढ आहे, ३७ फुटांमागे एक फूट. १८६५ साली ही वाट रुळांनी जोडली गेली. बोगदे संपून इगतपुरी आलं की हवा बदललेली नाकाला कळते. पण खरा बदल पुढच्या तासाभरात आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, निफाडला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवून घेतले आणि पूर्वेला मोकळं, कोरडं पठार सोडलं. आणि ढग जिथे अडले तिथूनच निघालेल्या गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांनी पाणी मात्र त्याच पठारावर आणून दिलं. पान कोरडं आणि मूळ ओलं, द्राक्षाला नेमकं हेच हवं असतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारठा. दिवसा साखर भरते, रात्री आंबटपणा टिकून राहतो.

गंगापूर रस्त्याला गोवर्धन हे गाव लागतं. सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या गाड्या इथून वायनरीकडे रांग लावून जातात; गावाच्या पाटीकडे कोणाचं लक्ष नसतं. माझं मात्र त्या पाटीपाशी पाऊल अडतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्यात तो सांगतो की गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे आपण २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आहेत आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्याने. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंना वस्त्रं आणि किरकोळ खर्च मिळावा. मुद्दलाला हात लावायचा नाही. आज ज्याला आपण मुदत ठेव म्हणतो, ती या गावाच्या विणकरांनी सांभाळली होती. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरनेही शिलालेखातलं गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं हेच गाव असं धरलं आहे. पुढे पेशवाईत, नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडून राहायला आली तीही इथेच, गंगापूरला.

उषवदाताच्याच काळात, थोडं मागेपुढे, वाइन या मुलखात येत होती. एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे. इटलीची पहिल्या पसंतीची, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. त्याच बंदरातून पैठण आणि तेरचा माल बाहेर जायचा. वाइन भरून आणायचे उंच दोन कानांचे कुंभ, त्यांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले आणि आमच्या मुंबईच्या समुद्रातल्या घारापुरीवरही. म्हणजे डोंगर जुना, घाट जुना, वाइनची चवही जुनी. वेल मात्र नवा. वाइनच्या जुन्या मुलखांच्या गोष्टी वाचताना मला हा फरक नेहमी जाणवतो. पोर्तुगालच्या दुरो नदीच्या डोंगराळ खोऱ्याची हद्द १७५६ साली ठरली आणि मग दगडी खांब रोवून आखली गेली. त्याच्या सतरा वर्षं आधी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती आणि साष्टीत दोन शतकं बसलेले पोर्तुगीज गेले होते, आमच्या दांड्यावरूनही. ते चर्च ठेवून गेले, गावठाणातली बरणी ठेवून गेले. द्राक्षाची लागवड काही ठेवून गेले नाहीत.

नाशिकच्या वेलाची जन्मकथा ओझरपासून सांगतात. १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी तिथे द्राक्ष लावलं. ते खायचं द्राक्ष. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं हा जिल्हा खायच्याच द्राक्षात मुरला. वाइनची सुरुवात जिल्ह्याबाहेर, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला, १९८०च्या दशकात झाली. श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच जाणकारांच्या मदतीने तिथे फेसाळती वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात विकली. नाशिकला राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि गंगापूरजवळच्या कुटुंबाच्या जमिनीत १९९७ साली त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां हे फ्रेंच वाण लावले. 'सुला'च्या पहिल्या बाटल्या २००० साली आल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि सांगलीतलं पलूस इथे वाइन पार्क झाले. पाहता पाहता शेतकऱ्यांच्या तोंडी शिराज, कॅबरने, शेनिन ही नावं बसली.

पहिल्यांदा मी गेले ती फेब्रुवारीत, सगळे जातात तशी. चव घेण्याच्या खोलीत गर्दी, बाहेर सरळ रांगा, फोटो. दुसऱ्या दिवशी जानोरीच्या एका बागायतदाराकडे गेले. त्याच्याकडे खायची द्राक्षं जास्त आणि दीड एकर शिराज, एका वायनरीशी करार केलेली. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही पंगत उठल्यावर आलात. स्वयंपाक बघायचा असेल तर दसऱ्याला या."

दसऱ्याला गेले. आणि वाइनच्या गावाबद्दल मला जे काही खरं कळलं ते त्या चार दिवसांत.

युरोपात द्राक्षाचा वेल थंडीत झोपतो. बर्फ पडतं, पानं गळतात, डोळे मिटतात. वसंतात तो आपोआप जागा होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतो. छाटणी एकदाच, झोपेत असताना. आपला वेल झोपतच नाही. त्याला इथे हिवाळा पुरेसा थंड नाही आणि पावसाळ्यात पिकू दिला तर घड सडून जाईल. म्हणून आपल्या माणसांनी त्याचं वर्षच कापून नवीन शिवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एक.

खोडावरून तारेला धरून दोन्हीकडे जे आडवे हात जातात त्यांना बागायतदार ओलांडा म्हणतात. हा शब्द ऐकला आणि मी चमकले. आमच्याकडे बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडणीला वलांडी म्हणतात. दोन्हींचं मूळ एक आहे का, ते भाषेच्या जाणकारांनी बघावं. मला दिसलं ते एवढंच की दोन्ही ठिकाणी आडव्या ओळीवर घराचं वर्षभराचं पोट टांगलेलं असतं.

एप्रिलच्या उन्हात ओलांड्यावरच्या सगळ्या काड्या एक-दोन डोळे राखून खरडून काढतात. बाग बोडकी होते. मग नवी फूट येते आणि तिच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा बसतो. मे-जूनच्या उन्हात त्या डोळ्याच्या आत, बाहेरून काहीही न दिसता, पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. ऊन कमी पडलं, नत्र जास्त झालं, तर घडाच्या जागी नुसती बाळी निघते. पावसाळाभर काडी पिकते, हिरवी होती ती तपकिरी होते. सप्टेंबरात बागायतदार काही काड्या कापून प्रयोगशाळेत नेतो; तिथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळा उभा कापून बघतात आणि सांगतात, घड कितव्या डोळ्यात आहे. त्या डोळ्यावर गोडी छाटणीची कात्री चालते. एक डोळा इकडे की तिकडे, यावर वर्ष ठरतं.

छाटणीच्या दिवशी सकाळी सातला टोळी आली. पेठ-सुरगाण्याकडची आणि दिंडोरी तालुक्यातल्याच वाड्यांवरची माणसं, बायका जास्त. एकराचं काम उक्तं ठरलेलं. पुढे पुरुष कात्र्या घेऊन, मागे बायका पेस्ट लावायला. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. थंडीने जे काम केलं नाही ते या औषधाकडून करून घ्यायचं: सगळे डोळे एकाच वेळी जागे करायचे. हातात रबरी मोजे, डबा कमरेला, स्पंजचा तुकडा बोटांत, आणि छाटलेल्या काडीच्या टोकाजवळच्या डोळ्यांवर एकेक बोट. रंग मिसळलेला असतो, म्हणजे कुठला डोळा राहिला ते लगेच दिसावं. चुकून पूर्ण ओलांड्याला फासलं तर नको ते डोळेही फुटतात आणि वेल गोंधळतो.

कामाला सुरुवात करण्याआधी बागायतदाराने सगळ्यांना उभं करून विचारलं, "काल रात्री कोणी घेतलेली नाही ना? आणि आज-उद्याही नाही." एकाने मान खाली घातली. त्याला त्याने सरळ पाणी सोडायच्या कामाला लावलं. कारण मी विचारलं. हे औषध अंगात गेलं की शरीराची दारू पचवायची वाटच बंद होते. दारूचं जे अर्धवट पचलेलं विष असतं ते रक्तात साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, माणूस दवाखान्यात जातो. पेस्ट लावण्याआधी आणि नंतरही काही दिवस मद्याचा थेंब चालत नाही. वाइनच्या मुलखात वेल ज्यांच्या बोटांनी जागा होतो, त्यांना ते दिवस वाइन वर्ज्य. मी हे वहीत लिहून घेतलं आणि पुढची पाच मिनिटं दुसरं काही लिहवलं नाही.

आठ-दहा दिवसांनी डोळे फुगतात, कापसासारखी लव दिसते, मग पोंगा. याच वेळी उडद्या येतो. रात्रीत डोळा पोखरून टाकतो आणि ती काडी वर्षभरासाठी आंधळी. याच वेळी परतीचा पाऊस आला तर केवडा. पानाखाली पांढरा बुरा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. द्राक्षाच्या गावात ऑक्टोबरमध्ये लोक टीव्हीवर बातम्या लावतात त्या हवामानाच्या.

इथवर खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष यांचा प्रवास सारखा. पुढे मात्र बागायतदाराला एकाच शेतात दोन मनं ठेवावी लागतात. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, १८ मिलिमीटरचा, पातळ सालीचा, बिनबियांचा; त्यासाठी विरळणी, जीए या वाढ-संजीवकाच्या बुडवण्या. वाइनच्या द्राक्षाला मणी लहान हवा, साल जाड, आत बी. लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा येतो तो सालीतून. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. जानोरीचा तो दादा म्हणाला, "बापाने शिकवलं मणी फुगव. कंपनीचा माणूस येऊन सांगतो फुगवू नको. पहिली दोन वर्षं माझा हात थांबतच नव्हता." एकरी वजनही त्याला मुद्दाम कमी ठेवावं लागतं. म्हणून वाइनच्या द्राक्षाचा भाव किलोवर बघून चालत नाही. करार किती वर्षांचा आणि पाळला जातो की नाही, ते बघावं लागतं.

हे २००८-०९ नंतर या गावांना फार महागात शिकायला मिळालं. जगभर मंदी, त्यात मुंबईवर हल्ला, हॉटेलं रिकामी. वाइनचा उठाव बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि कराराची द्राक्षं वेलावर राहिली. खायच्या बाजारात ती कोण घेणार? लहान मणी, जाड साल, बिया. बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. आजही या पट्ट्यात वाइनचं क्षेत्र एकूण द्राक्षाच्या मानाने थोडंसंच आहे; त्याचं एक कारण त्या दोन-तीन वर्षांत आहे. २०२२च्या जानेवारीत मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा राज्यभर वाद पेटला. विरोध करणाऱ्यांच्या मनातली भीती मला समजते; दारूने मोडलेली घरं मी कोळीवाड्यात पाहिली आहेत. पण त्या वादात शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजू घेत होत्या आणि बाग उपटलेल्या माणसाला कोणीच बोलावत नव्हतं, याचा मला राग आला आणि अजूनही येतो.

काढणी जानेवारी ते मार्च. पहाटे, कपाळावर बॅटरी बांधून, कारण ऊन चढलं की चुरडलेल्या मण्यात नको ते आंबणं सुरू होतं. साखर मोजायचं दुर्बिणीसारखं छोटं यंत्र प्रत्येक बागेत असतं. खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सला तोडतात, वाइनचं २२-२४ पर्यंत थांबतं. एका बाटलीला साधारण एक किलोच्या थोडी वर द्राक्षं. कारखान्यात पांढरी वाइन सालीवेगळी करून थंड टाकीत हळूहळू आंबवतात, लाल वाइन सालीसकट थोड्या उबेत. स्टीलच्या प्रचंड टाकीला मी कान लावला. तीच चुरचुर. चुईमच्या बरणीतली. यीस्ट साखर खातं, मद्य होतं, वायू बाहेर पडतो. बरणीला आणि टाकीला नियम एकच.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. गंगापूरच्या जलाशयाकाठी वायनऱ्या जवळजवळ आहेत, एका दिवसात होतात. दिंडोरीकडे जाताना रामशेज दिसेल. संभाजीराजांच्या काळात मोगलांना पाच वर्षांच्या वर झुंजवलेला हा लहानसा गड चढायला तासभर पुरतो, आणि वरून बागांची जाळी पसरलेली दिसते ती दुसरीकडून दिसत नाही. मोहाडीला 'सह्याद्री फार्म्स' बघावं. शेतकऱ्यांनी स्वतःची कंपनी काढून निर्यात कशी उभी केली ते तिथे कळतं. निफाडला थंडीत जा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात राज्यातलं सर्वांत कमी तापमान नोंदवल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर धरतात, कारण पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते आणि पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात. चार-चार ओळींआड जाळ, आणि भोवती घोंगडी पांघरून बसलेली माणसं.

पेस्टच्या कामावर माझ्याशेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची. दुपारी बांधावर भाकरी सोडली तेव्हा मी पिशवीतून आणलेले सुके बोंबील काढले. चुलीवर भाजून सगळ्यांनी खाल्ले. तिने विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, मुंबईची, दांड्याची, आम्ही कोळी. ती हसली. "मग आपण एकच की. आम्ही महादेव कोळी. तुम्ही दर्याचे, आम्ही डोंगरचे." दिंडोरीचे हे डोंगर महादेव कोळ्यांचे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिच्या तोंडून ऐकताना ते वेगळं वाटलं. वलांडी म्हणजे काय, हे तिला समजावताना मी शेवटी ओलांड्याकडेच बोट दाखवलं. तिने लगेच ओळखलं, बोंबलाचं तोंड एकमेकांत अडकवून तारेवर टाकायचं, असंच ना? असंच.

तिने जागवलेल्या वेलांची वाइन तिने प्यायलीय का, असं मी विचारलं. एकदा, म्हणाली, बागायतदाराच्या लेकीच्या लग्नात. आंबट लागली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण वास ओळखीचा होता. काढणीच्या वेळी हाताला येतो तो."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. खरड छाटणी लागली होती, बाग बोडकी झाली होती, ऊन फार होतं. पाऊस लागायच्या आत थोडे बोंबील पाठवता येतील का, असं ती विचारत होती.